तारखा राजांच्या, पाऊसपाणी रयतेचे

मराठी कादंबरीच्या अभ्यासात काही वर्गनामे इतकी रूढ झाली आहेत की त्यांच्यामागे एखादी भूमिका दडलेली असू शकते, याचाच विसर पडतो. 'ऐतिहासिक', 'ग्रामीण' आणि 'प्रादेशिक' ही तीन नावे पदव्युत्तर वर्गांच्या अभ्यासपत्रिकांत शेजारीशेजारी नांदतात. विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करतो, उदाहरणे देतो आणि उत्तीर्ण होतो. वस्तुतः ही वर्गवारी म्हणजे एक वाटणी आहे. या वाटणीत काळ राजांच्या, पेशव्यांच्या आणि सरदारांच्या वाट्याला आला. स्थळ कुणबी, माळी, कोष्टी, महार यांच्या वाट्याला. ज्याला काळ मिळाला त्याच्या आयुष्यात घटना घडतात. ज्याला केवळ स्थळ मिळाले त्याच्या आयुष्यात पाऊस पडतो किंवा पडत नाही.

या वाटणीचा सर्वांत बोलका पुरावा दोन वर्षांच्या अंतराने प्रकाशित झालेल्या दोन कादंबऱ्यांत सापडतो. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची, रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ ची. दोहोंतही खंगत चाललेला नवरा आहे आणि त्याच्या बाजूला उभी असलेली बायको आहे. थेऊरला क्षयाने मरण पावणाऱ्या माधवरावांचा आजार 'इतिहास' ठरला. वऱ्हाडातल्या कौतिकच्या नवऱ्याचा आजार 'प्रादेशिक जीवनदर्शन' ठरला. दोन्ही कादंबऱ्यांच्या गुणवत्तेची तुलना येथे अभिप्रेत नाही, आणि 'धग' ने इतिहास सांगण्याचा दावाही केलेला नाही. प्रश्न समीक्षेचा आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात घडणारी कादंबरी प्रादेशिक का नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेला कधी फारसा पडला नाही. जणू पुणे हा प्रदेश नव्हेच. आणि वऱ्हाडला, तो प्रदेश असल्यामुळेच, इतिहास असण्याचे कारण नाही.

ही स्थिती आरंभापासूनची होती असे म्हणता येत नाही. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिच्यात शिवकाल आहे. परंतु ती शिवचरित्र नव्हे. कल्पित गड, कल्पित माणसे आणि त्यांच्या खाजगी सुखदुःखांवर पडलेली राजकारणाची छाया असा तिचा रूपबंध आहे. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन संहितांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती निश्चित केल्या, ही मांडणी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती उपयुक्तही ठरली. पण तिच्यामुळे एक अन्यायही घडला: 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा' या चरित्रप्रधान परंपरेचे पितृत्व विनाकारण गुंजीकरांच्या माथी आले. चरित्रनायकाची परंपरा 'मोचनगड' ची वंशज नाही. ती 'मोचनगड' मधली शक्यता बुजवून पुढे गेलेली आहे. एका कल्पित, अप्रसिद्ध माणसाच्या जगण्यातून काळ दाखवण्याची ही शक्यता मराठीने सव्वाशे वर्षे जवळजवळ वापरलीच नाही.

याचे कारण विचारले असता कादंबरीकार आणि समीक्षक या दोघांकडूनही एकच उत्तर येते. सामान्य माणसाची कागदपत्रे नाहीत. राजाच्या नावाने पत्रे, सनदा, बखरी, शकावल्या आहेत. रयतेच्या नावाने काहीच नाही. या उत्तरात नम्रतेचा आव असल्यामुळे ते सहसा तपासले जात नाही. वऱ्हाडपुरते तरी ते तपासून पाहिले पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथून सुरुवात करणे सोयीचे. तेराव्या शतकातील श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा सांगणारे चरित्र हा मराठी गद्याचा अगदी आरंभीचा ग्रंथ. भाविकांच्या दृष्टीने तो अवतारचरित्र आहे, आणि त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. परंतु त्याच ग्रंथाकडे गावाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? बाजारात माल मांडून बसलेले दुकानदार, रस्त्यात खेळणारी पोरे, अडलेल्या बायका, पाण्याची वानवा, मातंगांच्या आणि ब्राह्मणांच्या घरांमधले अंतर आणि ते अंतर न जुमानणारा एक अवलिया. सातशे वर्षांपूर्वीच्या एका वऱ्हाडी गावाचे दैनंदिन जीवन इतक्या जवळून नोंदवलेले आहे की कोणत्याही भाषेतल्या कादंबरीकाराला हेवा वाटावा. रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. महानुभाव वाङ्मयावर प्रबंधही पुष्कळ झाले. तत्त्वज्ञान, भाषिक रूपे, पाठचिकित्सा या दिशांनी. त्या गावातल्या एखाद्या दुकानदाराची कादंबरी व्हावी, असे मात्र कोणाला वाटले नाही. मराठीचा अगदी आरंभीचा गद्यग्रंथच सामान्यांनी गजबजलेला असताना 'सामान्यांची नोंद नाही' असे म्हणणारी भाषा स्वतःचे पहिले पानही धडपणे वाचत नाही, असाच याचा अर्थ होतो.

रिद्धपूर दूरचे वाटत असेल तर वऱ्हाडातल्या कोणत्याही तहसील कचेरीचे अभिलेखागार जवळचे आहे. तेथे रुमालात बांधलेली कोतवाल बुके असतात. गावात जन्म झाला किंवा कोणी मेले की त्याची वर्दी कोतवालाने द्यायची आणि ती नोंदवहीत उतरायची, अशी ही पद्धत. वर्दी देणारा बहुधा गावकामगार महार. नोंद मोडीत किंवा बाळबोध लिपीत. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मरण असेल तर मरणाचे कारण. कारणाच्या रकान्यात 'ताप' हा शब्द इतक्या वेळा येतो की तो रोगाचे नाव राहत नाही. माहीत नसण्याचेच ते दुसरे नाव होते. पुष्कळ नोंदींत बाळाचे नाव नसते, फक्त 'मुलगी झाली' एवढेच. आईचे नाव तर अनेकदा नसतेच. म्हणजे या वह्यांतले मौनदेखील रचनाबद्ध आहे: कोणाला नाव द्यायचे आणि कोणाला नाही, याचे नियम त्यात स्पष्ट दिसतात. इतिहासकाराला ही त्रुटी वाटेल. कादंबरीकाराला येथे काम सुरू करता आले पाहिजे.

या वह्या अज्ञात आहेत असेही नाही. वऱ्हाडात जातपडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर असले दस्तऐवज बाहेर काढले गेले, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, जुन्या पानांची छायाचित्रे निघाली. राज्यव्यवस्थेला गरज पडताच सामान्य माणसाची कागदपत्रे सापडली. साहित्यव्यवहाराला ती गरज कधी पडली नाही, एवढाच फरक.

अमेरिकेतील मेन प्रांतात मार्था बॅलर्ड नावाची एक सुईण होती. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे ती रोजनिशी लिहीत राहिली: आजची हवा, ओलांडलेली नदी, झालेले बाळंतपण, यायची राहिलेली मजुरी. इतिहासकारांना ही रोजनिशी माहीत होती, आणि क्षुल्लक तपशिलांची म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली होती. लॉरेल थॅचर अल्रिच यांनी १९९० मध्ये त्या क्षुल्लकतेचाच ग्रंथ केला. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) या कादंबरीचा उगम तर वृत्तपत्राच्या एका कात्रणात आहे. गुलामगिरीतून पळालेल्या मार्गारेट गार्नर हिने पकडले जाताना आपल्या मुलीला मारले, ही १८५६ ची घटना. कादंबरीकार बाईंनी त्या खटल्याचा फारसा शोध घेतला नाही. कात्रणात जे नव्हते तेच त्यांनी लिहिले. कागद किती आहे यावर कादंबरी अवलंबून नसते, हे यावरून दिसते. आणि मराठीचा खाक्या नेमका उलटा आहे. येथे जेवढे कागद अधिक तेवढी कादंबरी जाड, आणि मागे संदर्भग्रंथांची यादी.

अमेरिकेचा हा उल्लेख केवळ तुलनेच्या हौसेपोटी आलेला नाही. वऱ्हाडचा आणि त्या देशाचा संबंध एका पिकाचा आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखावर मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर होतीच. १८६१ ते १८६५ या यादवीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. तोवर हा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियरही त्याच वर्षीचे. या तारखा पाठ्यपुस्तकांत आहेत. त्यांच्या पोटात काय आहे ते पाहावे: बैलांचे तांडे घेऊन फिरणारा बंजारा एका पिढीच्या आत बेकार झाला, आणि १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींना गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. हातरेचावर सरकी काढणाऱ्या, घरी सूत कातणाऱ्या बाईचे काम जिनिंगच्या कारखान्याने आणि विलायती सुताने नेले. कोष्ट्याचा माग थंडावला. अमावास्येला उसने दाणे देणारा शेजारी आता पेवात ज्वारी ठेवीनासा झाला, कारण शेतात पऱ्हाटी उभी होती आणि पऱ्हाटी खाता येत नाही. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण अभिमानाने सांगितली जाते. कुऱ्हाड कोणावर पडली हे विचारले जात नाही.

पुढे १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १९०१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २७,५४,०१६ भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे पाच टक्क्यांनी घटली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध दाखवणारा ग्रंथ १९९७ मध्ये इंग्रजीत लिहिला. स्वेन बेकर्ट यांच्या कापसावरील २०१४ च्या जागतिक इतिहासात वऱ्हाडला मानाचे पान आहे. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' तर १९२४ पासून मराठीत आहे. जगाच्या अर्थव्यवस्थेने एका कुणब्याच्या चुलीपर्यंत पोहोचण्याचा हा प्रसंग, त्याच्यावर मराठीत पानिपताच्या तोडीची एकही कादंबरी नाही. पानिपतावर एका दिवसात माणसे मेली आणि त्यांना सेनापती होते. दुष्काळात मेलेल्यांना सेनापती नव्हता, म्हणून त्यांचा पराभव कोणाच्या नावे लिहायचा हे मराठी कादंबरीला कळले नाही.

आता दुसरा बचाव. ऐतिहासिक कादंबरीत सामान्य माणूस नाही असे कसे म्हणता, मावळे आहेत, हुजरे आहेत, दासी आहेत, असे सांगितले जाते. आहेत हे खरे. ते मशाल धरतात, निरोप आणतात, नायकाच्या जखमेला पाणी लावतात आणि योग्य वेळी मरतात. त्यांच्या मरणाने नायकाचे डोळे पाणावतात. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या रात्री काय झाले ते कळत नाही. ल्युकाच यांनी ऐतिहासिक कादंबरीविषयीच्या ग्रंथात स्कॉटच्या संदर्भात मांडलेला मुद्दा मराठी समीक्षेने उद्धृत पुष्कळदा केला, वापरला क्वचित. ख्यातनाम व्यक्ती कडेला आणि मध्यम, अप्रसिद्ध माणूस मध्यभागी, या रचनेमुळेच काळाची घुसळण दिसते, असा तो मुद्दा आहे. मांझोनी यांच्या 'वाग्दत्त' जोडप्याच्या कादंबरीत लोंबार्डीचा एक रेशीमकामगार आणि त्याची होणारी बायको मिलानच्या भाकरीच्या दंगलीतून आणि १६३० च्या प्लेगमधून जातात. राज्यपाल आणि कार्डिनल त्यांच्या वाटेत भेटतात. इटलीने त्या कादंबरीला राष्ट्रीय ग्रंथाचा मान दिला. मराठीत एखादा विणकर नायक झाला असता, तर ती कादंबरी 'व्यावसायिक जीवनचित्रण' या रकान्यात गेली असती.

गो. नी. दांडेकर यांचे नाव येथे हमखास घेतले जाईल, आणि ते घ्यावेच. 'दर्या भवानी', 'झुंजार माची' या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांनी सामान्यांना जेवढी जागा दिली तेवढी समकालीनांपैकी कोणी दिली नाही. पण त्या माणसांचे सारे अंतर्मन राजनिष्ठेने भरून गेलेले आहे. राजाविषयी ज्याला काहीच वाटत नाही, ज्याला फक्त यंदाच्या सारापट्टीची चिंता आहे, असा माणूस तेथे उभा राहू शकत नाही. (दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, १९१६ चा. गाविलगड तिथून हाकेच्या अंतरावर; त्यांची लेखणी मात्र सह्याद्रीच्या गडांवर रमली. यात लेखकाचा दोष नाही. इतिहास कोठे असतो याविषयीची त्या काळाची समजूतच तशी होती.)

खरा अपवाद नागपूरच्या नंदा खरे यांचा. 'अंताजीची बखर' १९९७ मध्ये आली. अठराव्या शतकातला एक किरकोळ, चतुर, भित्रा आणि पोटार्थी माणूस, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत वावरणारा, स्वतःच बखर सांगतो. बखरीचा रूपबंध राजांच्या हातून काढून एका हरकाम्याच्या हाती देणे, ही कृती केवळ विनोदाची नव्हती. मराठी इतिहासकथनाचा निवेदक कोण असू शकतो, हा प्रश्न तीत होता. मराठी समीक्षेने या कादंबरीचे कौतुक केले, तिला वेगळी म्हटले आणि वेगळेपणाच्या कपाटात ठेवून दिले. रंगनाथ पठारे यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) मध्येही शतकांचा पट एका शेतकरी कुळाच्या अंगाने उलगडतो. पण तेथेही कूळ आहे, वंशावळ आहे. ज्याला वंशावळच नाही, त्याचे काय हा प्रश्न उरतो.

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो वरच्या बचावांसारखा टाळता येणारा नाही. दलित आत्मकथनांनी सामान्यांचा, किंबहुना सामान्यांच्याही खाली ढकलल्या गेलेल्यांचा इतिहास आपल्या हाताने लिहिला. आता विद्यापीठात शिकलेल्या कोणी कल्पनेच्या बळावर त्यांच्या पणजोबांच्या तोंडी शब्द घालावेत, हा नवा अतिक्रम नव्हे काय? अतिक्रमाचा धोका आहे. परंतु आत्मकथन स्मृतीच्या बळावर चालते, आणि स्मृती फार तर आजोबा-आजीपर्यंत पोहोचते. 'बलुतं' सारखी आत्मकथने जेथून सुरू होतात, त्याच्या मागचा काळ आठवणीच्या पलीकडचा आहे. तो कोणी लिहायचा नाही असे ठरले, तर तो ज्यांनी आधीच लिहून ठेवला त्यांच्याच ताब्यात राहील. शिवाय कल्पनेने लिहिण्याचा अधिकार पेशव्याच्या अंतर्मनाबाबत कोणी विचारत नाही. माधवरावांच्या शय्यागृहात प्रवेश करायला मराठी लेखकाला परवाना लागला नाही; १८६५ सालच्या कोतवालाच्या झोपडीशी मात्र त्याला एकाएकी संकोच होतो.

उलट दिशेचा धोका अधिक जवळचा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये निघाले. आता त्यांच्यावर चरित्रात्मक कादंबरी व्हावी, अशी सूचना कोणीतरी करील, होईलही. दुर्लक्षितांना नायक करून जुन्याच साच्यात ओतणे ही अलीकडची सोयीची पुरोगामी रीत झाली आहे. मखर तेच, मूर्ती फक्त बदलली. त्या काळच्या बुलढाण्यात ताराबाई हे पुस्तक लिहीत असताना त्यांच्या घरी पाणी भरणारी, अक्षर न ओळखणारी बाई त्या पुस्तकाविषयी काय समजत होती, हा प्रश्न कादंबरीचा आहे, आणि तो चरित्रनायिकेच्या कादंबरीत विचारलाच जाणार नाही.

भाषेचा मुद्दा असाच टाळला जातो. ऐतिहासिक कादंबरीने एक दरबारी मराठी तयार केली. ती कोणत्याही काळात कोणी बोलत नव्हते, पण वाचकाला ती जुनी वाटते. वऱ्हाडी बोली तिच्यात आलीच तर नोकराच्या तोंडी, हशा पिकवण्यासाठी. 'मले', 'तुले', 'डोया' एवढे तीन शब्द टाकले की काम भागते. वास्तविक ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०५ च्या मराठीविषयक खंडात वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत, त्याआधी सहा शतकांचे महानुभाव गद्य आहे, आणि शेळक्यांनी १९६० मध्येच ही बोली शोकात्म गांभीर्य पेलू शकते हे सिद्ध केले आहे. एकोणिसाव्या शतकातली वऱ्हाडी कशी असेल याचा अदमास बांधायला एवढी सामग्री पुरेशी आहे. त्यासाठी प्रमाणभाषेला निवेदकाच्या खुर्चीवरून उठावे लागेल. अडचण तेथे आहे.

कारंज्याचे उदाहरण शेवटी घ्यावे लागते, कारण सगळे मुद्दे तेथे एकत्र येतात. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडातले कारंजे लुटले. शिवचरित्रात हा प्रसंग सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतरचा एक परिच्छेद असतो: मोहीम, वेग, मिळालेले द्रव्य. मोगलांच्या अर्थव्यवस्थेवरचा तो आघात होता, आणि त्यामागचे राजकीय तर्कशास्त्र नाकारण्याचे कारण नाही. पण कारंज्याच्या पेठेत त्या दिवशी हमाल होते, तेली होते, सावकाराच्या घरी दळण दळणाऱ्या बायका होत्या. ज्यांचे राज्य मोगलांचे नव्हते आणि स्वराज्यही अजून त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. त्यांनी तो दिवस कसा काढला? त्यांच्यापैकी कोणी फौजेबरोबर निघून गेला असेल काय, कोणाला मालकाचे घर फुटल्याचा आनंद झाला असेल काय, कोणाची साठवलेली चार नाणी मालकाच्या तिजोरीत होती काय? हे प्रश्न विचारल्याने कोणाची थोरवी उणावत नाही. तरीही २००४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यानंतर मराठी लेखक या काळाकडे वळताना आधी दोन्ही बाजूंना पाहून घेतो, आणि बहुतेक वेळा मग राजाच्याच तंबूत जाऊन बसतो. तेथे सुरक्षित असते. तंबूच्या बाहेर पेठ आहे. कारंजे (लाड) अकोल्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे, जुन्या वेशी अजून उभ्या आहेत, आणि वऱ्हाडातल्या मराठी विभागांत दरवर्षी 'ऐतिहासिक कादंबरीतील शिवकाल' या विषयावर प्रबंधांची नोंदणी होत राहते.